वाचू नको, सही कर

पहिल्या खेपेला चहा निळ्या फुलांच्या कपात आला होता. बशीसकट. सोबत पुण्याहून आलेली चकली आणि बेसनाचा लाडू. दुसऱ्या खेपेला माझ्यापुढे कागदी कप आला.

अबू धाबीच्या खलिफा सिटीतला व्हिला. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मी ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसले होते. बाकी सगळ्यांपुढे तेच निळ्या फुलांचे कप होते. मधल्या आठ दिवसांत काय झालं ते मला कळायला वेळ लागला नाही. कामासाठी म्हणून त्या घरच्या मॅडमनी माझा नंबर सेव्ह केला होता, आणि माझ्या व्हॉट्सॲप स्टेटसवर जयंतीचा फोटो होता. पांढरी साडी, हातात निळा झेंडा. आडनावावरून त्यांना काही कळलं नव्हतं. फोटोवरून कळलं.

त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. आता असंच असतं. कप बदलतो, चेहरे हसरेच राहतात.

मग मॅडम म्हणाल्या, "तुमचं बरं असतं बाई. सगळं शिक्षण स्कॉलरशिपवर होऊन जातं. आमच्या ईशाला बघ, मेरिटवर मिळवावी लागली."

ईशा म्हणजे त्यांची मुलगी. बावीस वर्षांची. समोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ती अमेरिकेत जन्मली, तेव्हा तिचे वडील तिकडे नोकरीला होते, म्हणून घरात एकट्या तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट. डिग्री शारजात झाली होती, आता मास्टर्ससाठी अमेरिकेला निघाली होती. फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली, "मम्मा, प्लीज."

मी तो चहा प्यायले. हेही सांगितलं पाहिजे. चहा चांगला होता, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

माझ्यापुढच्या स्क्रीनवर ईशाचा फॉर्म होता. तिला कुठलीही स्कॉलरशिप मिळालेली नव्हती. ते अमेरिकन सरकारचं कर्ज होतं. त्या घरात हे दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि दुसरे साहेब, ईशाचे वडील. बायको मेरिटबद्दल बोलत होती तेव्हा ते माझ्याकडे रोखून बघत होते. मी खाली बघून टाइप करत राहिले.

दुबईत मी आधी टायपिंग सेंटरमध्ये होते. इथे प्रत्येक सरकारी कामाला फॉर्म लागतो आणि फॉर्म भरायला टायपिंग सेंटर. माणूस येतो, एमिरेट्स आयडी काउंटरवर ठेवतो, फोन उघडून आपल्या हातात देतो. "जो भरना है भर दो, मॅडम." ओटीपी आपणच बघायचा, आपणच टाकायचा. शेवटी एक चौकोन असतो, 'मी हे वाचले असून मला मान्य आहे.' त्यावर टिकही आपणच करायची. पाच वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने काही वाचलेलं मी पाहिलं नाही. आम्हीही वाचत नव्हतो. भराभर चालणारी बोटं एवढंच आमचं क्वालिफिकेशन.

तिथून मला सरांनी उचललं. सर पुण्याचे, परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी चालवणारे. त्यांचं खास गिऱ्हाईक म्हणजे ईशासारख्या मुलांचे आईबाप. राहणार आखातात, मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट. पगार साडेतीन हजार दिरहम, म्हणजे ऐंशी एक हजार रुपये. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आणखी दोघींबरोबर एक खोली. पासपोर्ट सरांच्या ड्रॉवरमध्ये. मालकाने तो ठेवायचा नसतो हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

ऑफिसात या कर्जाचे नियम कोणीच वाचलेले नव्हते. मी वाचले. मेट्रोत उभ्याने वाचले, भात शिजत असताना वाचले. इंग्रजी अडलं की शब्द लिहून ठेवायचे. आधी वाटलं, किती सोपं आहे हे. जामीन नको, घर तारण नको, बापाची सही नको. मग हळूहळू खरी गोष्ट कळायला लागली. बापाची सही नको, कारण कर्ज बापाचं नाहीच. ते मुलाच्या एकट्याच्या नावावर चढतं. कॉलेजातल्या गरजू मुलांना एका प्रकारच्या कर्जात थोडी सवलत असते, शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. मास्टर्सला ती सवलत नाही. पैसे निघाले त्या दिवसापासून व्याज चालू. न भरलेलं व्याज पुढे मुद्दलात जाऊन बसतं आणि मग त्यावर व्याज. शिक्षण अर्धवट सुटलं, नोकरी नाही लागली, कॉलेज आवडलं नाही, तरी फेडायचं. दिवाळं काढलं तरी ते सहजासहजी सुटत नाही.

म्हणून पहिलं कर्ज मिळण्याआधी विद्यार्थ्याने एक ऑनलाइन काउन्सेलिंग पुरं करायचं असतं. एकेक गोष्ट समजावून सांगतात, प्रश्न विचारतात, मग करारावर सही. हे सगळं ज्याचं त्याने करायचं. पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आमच्या ऑफिसात ते काउन्सेलिंग मी करायचे. मुलांच्या नावाने. अर्ध्या तासाचं काम मी नऊ मिनिटांत उरकायचे. समजलं का? समजलं. मान्य आहे का? आहे. सही. पुढचा.

अशी सदतीस मुलं.

यंदा जानेवारीत त्यातल्या एकीचा फोन आला, अमेरिकेहून. मध्येच आजारी पडली म्हणून तिने कोर्स सोडला होता. "आंटी, मला मेल येतायत. रिपेमेंट म्हणतात. आय डोन्ट रिमेंबर साइनिंग धिस. मी कधी केलं हे?" मला ती सही आठवत होती. मंगळवार होता, सर घाई करत होते, माझ्या उजव्या हाताशी जेवणाचा डबा होता. मी तिला म्हणाले, "बाळा, ऑफिसला ईमेल कर." आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने अनोळखी नंबर आला की मी फोन उचलत नव्हते.

सातवीत होते तेव्हाची गोष्ट आता सांगते, कारण ती त्या कागदी कपाबरोबर परत आली.

तालुक्याची शाळा. भरल्या वर्गात क्लार्क रजिस्टर घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही अकरा जण उभे राहायचो. बाकीचे बसून आमच्याकडे बघायचे. वर्षभर एका बाकावर बसून एकमेकांचे पेन वापरायचो आणि त्या पाच मिनिटांत आम्ही वेगळे व्हायचो. एकेकाने पुढे जायचं, नावापुढे सही करायची, नोटा घ्यायच्या. रजिस्टरात रकमेचा रकाना होता. क्लार्क त्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवायचे. नाव दिसायचं, सहीची जागा दिसायची, रक्कम नाही.

त्या वर्षी मी फूटपट्टी बाजूला सरकवली. का ते सांगता येणार नाही, हात गेला. आत लिहिलेला आकडा माझ्या हातातल्या नोटांच्या दुपटीहून जास्त होता. मी म्हणाले, "सर, इथे जास्त लिहिलंय."

ते वर्गाकडे बघून म्हणाले, "फुकटाचं घेताना मोजते बघा." वर्ग हसला. माझ्या शेजारची मैत्रीणही हसली. मग मला म्हणाले, "वाचू नको, सही कर."

मी सही केली. माझ्यामागे उभ्या दहा जणांनीही केली. आई सरकारी दवाखान्यात आया होती, तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मिळाले ना? मग गप्प बस. नाव काढतील शाळेतून." मी गप्प बसले ते पुढे बरीच वर्षं.

खलिफा सिटीच्या त्या दुसऱ्या खेपेनंतर तीन दिवसांनी साहेब आमच्या ऑफिसात आले. सरांच्या केबिनमध्ये मला फाइल घेऊन बोलावलं.

"मॅक्सिमम टाका," साहेब म्हणाले. "फी, राहण्याचा खर्च, जे जे देतात ते सगळं."

फी कॉलेजला परस्पर जाते. राहण्याखाण्याचे म्हणून जे घ्याल ते विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. ईशा राहणार होती आत्याकडे, न्यू जर्सीत. भाडं नाही, खानावळ नाही. तिच्या खात्याची सूत्रं साहेबांकडे. वरचे पैसे पुण्याला जाणार होते, ईशाच्या भावाला हॉटेल काढायचं होतं. हे त्यांनी कुजबुजत वगैरे सांगितलं नाही. चहा पिता पिता, एखादी चांगली स्कीम सांगावी तसं सांगितलं.

मी विचारलं, "ईशाला माहीत आहे?"

"तिला स्कॉलरशिप सांगितलंय. उगाच टेन्शन कशाला द्यायचं? मुलगी आहे, दोन वर्षांत लग्न होईल. तिकडचाच बघणार आहोत. जावई फेडेल." ते हसले. सरही हसले.

साहेब गेल्यावर मी सरांना म्हणाले की हे बरोबर नाही, काउन्सेलिंग मुलीलाच करू द्या. सरांनी आवाज चढवला नाही. ड्रॉवर उघडला, माझा पासपोर्ट काढला, चाळला. "पुढच्या महिन्यात तुझा व्हिसा रिन्यूअलला आहे ना? शनिवारी जा. क्लिक कर. खलास." पासपोर्ट परत आत गेला आणि ड्रॉवरला किल्ली लागली.

शनिवारी बाहेर धूळ उठली होती. समोरचे व्हिले दिसत नव्हते, दुपारी बारालाच रस्त्यावरचे दिवे लागलेले. बसस्टॉपपासून चालत गेले तर दातांत रेती आली. आत एसीचा थंडगार वारा. टेबलाच्या टोकाला माझी खुर्ची ओढून ठेवलेली. कागदी कप भरून तयार होता.

पिवळ्या चिठ्ठीवर ईशाचा पासवर्ड. कोड साहेबांच्या फोनवर येणार होता, कारण खातं उघडताना त्यांनी आपलाच नंबर दिला होता. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मॅडम खिडकीशी उभ्या राहून बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "हो गं, फुल स्कॉलरशिप. एक रुपया भरायचा नाही."

मी काउन्सेलिंग सुरू केलं. बोटांना सगळं पाठ होतं. समजलं, समजलं, समजलं. चौथ्या पानावर तिच्यावर चढणार होती ती रक्कम आली. मी मनातल्या मनात तिचे दिरहम केले, मग रुपये केले. आमच्या तालुक्याच्या गावात त्यात गल्लीच्या गल्ली विकत आली असती.

तेवढ्यात ईशा पाणी प्यायला आली. फ्रिज आमच्या मागेच होता. साहेब पुढे वाकले आणि त्यांनी स्क्रीनवर आपला तळवा ठेवला. रकमेवर. नुसता सहज टेकवल्यासारखा. वर मुलीचं नाव दिसत होतं, खाली सहीची जागा दिसत होती.

माझ्या कानात वर्ग हसला.

मी त्यांचा हात धरून बाजूला केला नाही. तेवढं धाडस नव्हतं. मी लॅपटॉपच ओढून घेतला आणि उलट्या बाजूला फिरवला.

"ईशा, इथे बस. हे तुझ्या नावाचं आहे. तू वाच."

"व्हॉट इज धिस?"

"कर्ज. स्कॉलरशिप नाही."

साहेब म्हणाले, "अहो, काय करताय?" पहिल्यांदाच मला अहो म्हणाले.

ईशा उभ्यानेच वाचायला लागली. हळूहळू, ओठ हलवत. मग मोठ्याने. "पपा, इट सेज आय हॅव टु पे इट बॅक. इव्हन इफ आय डोन्ट फिनिश." पुढचं पान. "इव्हन इफ आय डोन्ट गेट अ जॉब." मग ती थांबली. "यू सेड स्कॉलरशिप."

"बेटा, टेक्निकली ते लोन आहे," साहेब म्हणाले.

मॅडमच्या कानाला फोन तसाच होता. पलीकडून बहीण हॅलो हॅलो करत होती. त्यांनी फोन बंद केला. मला वाटलं, आता त्या नवऱ्याला विचारतील. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. सरळ माझ्यावर आल्या.

"फुकटावर शिकलेली तू. आमच्या घरात येऊन आम्हाला शिकवणार?"

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "मॅडम, माझी स्कॉलरशिप परत करायची नव्हती. तो माझा हक्क होता, आणि त्यातलीही अर्ध्याहून जास्त तुमच्यासारख्यांनी खाल्ली. हे परत करायचंय. व्याजासकट. आणि ते तुम्ही करणार नाही, ही करणार आहे."

साहेबांनी माझ्यासमोरच सरांना फोन लावला. "तुमची बाई पागल झालीये. हिला इथून घेऊन जा आणि उद्या मला दिसता कामा नये." ईशा अजून वाचत होती. मी पर्स उचलली. लॅपटॉप ऑफिसचा होता, तिथेच ठेवला. त्या दिवशीचा चहा मी प्यायले नाही.

सोमवारी ऑफिसात माझी खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती. सरांनी केबिनमध्ये चार पानांचा एक कागद पुढे केला, शेवटचं पान वर काढून. वर माझा पासपोर्ट ठेवला. "इथे सही कर आणि पासपोर्ट घेऊन जा."

मी कागद उलटून पहिलं पान वर घेतलं.

सर म्हणाले, "त्यात वाचण्यासारखं काही नाही. सही कर."

मी खुर्ची ओढली आणि वाचत बसले. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. अरबी मला येत नाही, इंग्रजी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, सगळं मिळालं असं लिहिलं होतं. मला काहीच मिळालेलं नव्हतं. मी पेन टेबलावर ठेवलं. सर म्हणाले की ते मला ॲब्स्कॉन्डिंग लावतील, म्हणजे मी पळून गेले अशी तक्रार करतील, मग या देशात परत पाय ठेवता येणार नाही. मी म्हणाले, "मी इथे तुमच्यासमोर बसले आहे. पासपोर्ट द्या, नाहीतर इथून लेबर ऑफिसला जाते."

त्यांनी पासपोर्ट माझ्याकडे फेकला. तो खाली पडला. मी वाकून उचलला, आणि वाकायची लाज वाटली नाही. दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून शांतपणे म्हणाले, "तोंड उघडलंस तर पहिली तूच अडकशील. क्लिक कोणी केलेत? मी तर कधी लॉगिनसुद्धा केलेलं नाही."

ते खरं बोलत होते. गेले काही दिवस मी त्याच वाक्याबरोबर जेवते, कपडे वाळत घालते, नोकरीचे अर्ज करते. व्हिसा रद्द झाला की देश सोडायला मोजके दिवस मिळतात. खोलीतल्या दोघी नोकरीचं विचारतात, मी इन्शाल्ला म्हणते.

बुधवारी ईशाचा मेसेज आला. तिने खात्यावरचा पासवर्ड आणि फोन नंबर बदलला होता. सही तिने स्वतः केली, फक्त फीपुरत्या रकमेवर. बाकीचे घेतले नाहीत. 'पपा बोलत नाहीयेत. मम्मा म्हणते तुमच्यामुळे झालं. आंटी, फीसुद्धा खूप आहे. आय ॲम स्केअर्ड.' मला तिला बरं वाटेल असं काहीतरी लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होईल. हे विसरू नकोस.'

आता माझ्यापुढे ती यादी आहे. सदतीस नावं. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मी ती आठवून आठवून लिहून काढली. ज्यांचे नंबर माझ्या फोनमध्ये नव्हते, त्यांचे इकडून तिकडून मिळवले. कोणी डेंटिस्ट होतंय, कोणी गाडी चालवून भाडं भरतंय, कोणाला अजूनही वाटतंय की वडिलांनी एफडी मोडली. त्यांच्या रकमेवर तळवा ठेवणारे वेगवेगळे होते, पण सहीवरचं बोट प्रत्येक वेळी माझंच होतं. क्लार्क निदान पोरांकडून सही करून घ्यायचे. मी तर पोरांना उभंसुद्धा केलं नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

तर मी हे ठरवलंय. यातल्या प्रत्येकाला फोन करणार. तुझ्या नावावर मी सही केली, हे माझ्या तोंडाने सांगणार. त्यांना ते कुठे लिहून द्यायचं असेल तर माझं पूर्ण नाव घालून लिहून देणार. मग जे व्हायचं असेल ते इथे होवो, भारतात होवो. माणसाने स्वतः न वाचलेला कागद मी यापुढे कोणासाठीही भरणार नाही. पोटाला चिमटा बसला तरी नाही.

आज संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, मी पहिला नंबर लावला. जानेवारीत जिचा फोन मी ठेवून दिला होता, तिचा. बराच वेळ रिंग गेली. तिने उचलला. तिला माझा नंबर ओळखीचा होता.

मी म्हणाले, "ती सही तू केली नव्हतीस. मी केली होती. कागद उघड, मी थांबते. पहिल्या ओळीपासून वाच."